नैवेद्याचे मांस आणि दुसऱ्याची विवेकबुद्धी

इ. स. 55 च्या सुमारास प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तेथील ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय 8 ते 10) मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचे मांस खावे की नाही, या रोजच्या व्यवहारातील प्रश्नाची चर्चा आहे. बाजारातले मांस चौकशी न करता खाण्यास तो मोकळीक देतो. मात्र पंक्तीत ते नैवेद्याचे असल्याचे कोणी सांगितलेच, तर सांगणाऱ्याच्या सद्सद्विवेकबुद्धीसाठी, म्हणजे बरेवाईट ओळखणाऱ्या त्याच्या जाणिवेसाठी, ते टाळावे, असे सुचवतो. नियमापेक्षा समोरच्या माणसाकडे पाहणारी ही रीत आचरणात नियमाहून अवघडच आहे. शेजारून प्रसाद आला, की मराठी ख्रिस्ती कुटुंबांत घेणारे आणि नाकारणारे दोघेही याच अध्यायांचा आधार देऊ शकतात.