कोंबडीचा पाय उलटा करून बघा

सकाळी सहा. खुराड्याचं दार उघडून मी बाजूला उभी राहते. कोंबड्या बाहेर पडतात तेव्हा पहिल्या पाच-दहा पावलांत जे कळतं, ते नंतर दिवसभर कळत नाही. एकदा दाणे दिसले की लंगडीसुद्धा दुखणं लपवून धावते. जी सगळ्यांत शेवटी उतरते, जी एक पाय पोटाशी घेऊन उभी राहते, तिला आधी उचलायची. मी उमेद अभियानातली पशुसखी. मुरूड तालुक्यात घरोघरी जाऊन लसीकरण, जंताचं औषध, प्राथमिक उपचार बघते. पावसाळ्यात कोंबड्यांच्या पायांची दुखणी फार.

साडेसात, नांदगाव. सुपारीच्या वाडीतलं घर. वयनींनी गिरिराज पाळल्यात. "खाते, पण चालत नाय. बसूनच असते," म्हणाल्या. कोंबडी काखेत धरली, पाय उलटा केला. तळव्याच्या मधोमध फुगलेली गाठ, तिच्यावर काळी खपली, भोवतालची कातडी लाल आणि हाताला गरम. कातडीला कुठे खरचटलं की तिथून स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू आत शिरतात. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ होऊन वाहत नाही, खव्यासारखा घट्ट होऊन आतच बसतो. म्हणून ही गाठ पिळायची नाही. पिळली तर रोग खोल शिरतो, सांध्यापर्यंतही जातो.

हातमोजे चढवले, कारण हे जंतू माणसाच्या जखमेतही जातात. कोमट मिठाच्या पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवला. कोंबडी आधी फडफडली, मग निमूट बसली. पाय कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन लावलं, तळव्याखाली कापसाची घडी ठेवली आणि बोटांच्या मधून पट्टी फिरवून बांधली. फार आवळायची नाही, बोटं गार पडता कामा नयेत. पट्टी एक दिवसाआड बदलायची. गाठ वाढली किंवा सूज वर चढली, तर डॉक्टर. चिरा देणं त्यांचं काम. अँटिबायोटिक दिलं, तर ते सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत, विकायचीही नाहीत.

पण खरा उपचार पट्टीत नव्हता. मी वाकून खुराड्यात डोकावले. दांडी माझ्या छातीएवढी उंच, खाली जांभ्याचे उघडे, खडबडीत चिरे. आपली गावठी कोंबडी हलकी, ती तरून जाते. गिरिराज, वनराजा अंगाने जड. रोज तेवढ्या उंचीवरून चिऱ्यावर उडी मारली की तळवा फुटणारच. दांडी दीड फुटावर आणायची, साधारण दोन इंच रुंद, कडा घासून गोल केलेली, आणि खाली कोरड्या तुसाचा जाड थर. वयनींच्या मुलाने लगेच करवत काढली. मला पट्टीपेक्षा त्या करवतीचं समाधान जास्त झालं.

दहा वाजता शेजारच्या वाडीत पिल्लं बघितली. दोघांची बोटं आत मुडपलेली, मुठीवर चालल्यासारखी. पिल्लांना नुसत्या तांदळाच्या कण्या चालल्या होत्या. त्यात रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, फार कमी. पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स, शेवग्याचा बारीक चिरलेला पाला आणि पिल्लांचं तयार खाद्य सुरू करायला सांगितलं. लवकर धरलं तर बोटं सरळ होतात.

बारा, एकदरा कोळीवाडा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे अंगणोअंगणी जाळी शिवायला काढलेली. "बघ गो हिचं बोट, काळं पडलंय," आजीने कोंबडी पुढे केली. बोट काळपट, त्याच्या मुळाशी सूज, आणि सुजेच्या फटीत काहीतरी चमकत होतं. ओलं कापड फिरवलं, उजेडाकडे धरलं तेव्हा नायलॉनचा केसाएवढा धागा दिसला, तीन-चार वेढे बसलेला आणि मांसात रुतलेला. टोकदार कात्री वेढ्याखाली सरकवून एकेक वेढा कापला, चिमट्याने काढला. रक्ताची चिळकांडी आली ती दाबून थांबवली. बोट वाचेल की झडेल ते आठवड्यात कळेल. धागा राहिला असता तर बोट गेलंच असतं. आजीने नातवाला हाक मारली आणि अंगणातले तुकडे डब्यात गोळा करायला लावले.

तीन वाजता एका तलंगीचा फोटो डॉक्टरांना पाठवला. एक पाय पुढे, एक मागे ताणलेला, तळवे अगदी स्वच्छ. हे पायाचं दुखणं नव्हे, मरेक रोगाची शंका. त्याला औषध नाही. लस पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की पहिल्याच दिवशी द्यावी लागते. तलंग वेगळी ठेवायला सांगितली. लंगडेपणासोबत मान वाकडी होणं, हिरवी हगवण किंवा धाप दिसली तर मानमोडीही असू शकते. तिथे मलमपट्टीत वेळ घालवायचा नाही, लगेच दवाखान्यात कळवायचं.

संध्याकाळी साडेसात. कोंबड्या दांडीवर बसल्या की पायावरच्या खरजेचं काम सोपं होतं, पळापळ नाही. म्हाताऱ्या कोंबड्यांच्या नळीवरचे खवले उचललेले, खाली पांढरी भुकटी. खवल्यांखाली बारीक कीड घर करते, आणि एकीची दुसरीला लागते. कोमट साबणपाण्याने पाय धुवायचे, पुसायचे, खोबरेल किंवा व्हॅसलीन खवल्यांत जिरेल असं चोळायचं म्हणजे कीड गुदमरते. खवले नखाने उपटायचे नाहीत. रॉकेल लावायची जुनी सवय अजून दिसते. त्याने कातडी भाजते, लावू नका. तेल आठवड्यातून एक-दोनदा, नवे खवले येईपर्यंत. त्याला महिने लागतात. त्याच दिवशी दांडीही घासून धुवायची.

उद्या रविवार. नांदगावची पट्टी परवा बदलायची आहे. वयनींना फोन करून तूस कोरडं मिळालं का ते विचारलं. गिरणीवाल्याकडचं ओलं होतं, म्हणाल्या. मग घरचा पेंढा कापून घाला, पण कोरडा, असं सांगितलं.