एक्स्पोसितो : एका आडनावाची जन्मकथा

एखाद्याचे आडनाव कळले की त्याची निम्मी ओळख झाली, असे आपण धरून चालतो. चिपळूणकर म्हटले की गाव कळते, देशमुख म्हटले की वतन आणि सुतार म्हटले की धंदा. स्पेनमधला हिशेब याहून फार निराळा नाही. तिथला तोलेदो हा तोलेदो शहरचा, एरेरो म्हणजे लोहार आणि फर्नांडेझ म्हणजे फर्नांदोचा मुलगा. शेवटच्या त्या ‘एझ’मध्ये बाप दडलेला असतो. आपल्या गोव्यातले फर्नांडिस आणि रॉड्रिग्ज ही याच वेलाची पोर्तुगीज पाती. स्पेनमधले सगळ्यात मोठे आडनाव मात्र गार्सिया. पहिले आडनाव म्हणून ते लावणारे तिथे चौदा लाखांहून अधिक आहेत.

मला आज बोलायचे आहे ते एका वेगळ्याच आडनावाबद्दल. त्यात गाव नाही, धंदा नाही, बापाचे नाव तर नाहीच. ते आडनाव म्हणजे एक्स्पोसितो.

लॅटिनमध्ये ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. ‘एक्स्पोसितुस’ म्हणजे बाहेर ठेवलेला. कॅमेऱ्याच्या संदर्भात आपण ‘एक्स्पोजर’ म्हणतो तो शब्दही याच मुळाचा. तिथे फिल्म उजेडात उघडी ठेवायची असते. इथे उघड्यावर ठेवलेले असे ते तान्हे मूल. चर्चच्या पायरीवर, इस्पितळाच्या दारात, कुणाच्या ओसरीवर सापडलेल्या मुलाची नोंद करताना लेखनिक त्याच्या नावापुढे लिही : एक्स्पोसितो. सुरुवातीला हे आडनाव नव्हतेच. नोंदवहीतला तो एक शेरा होता. मुलगी असेल तर ‘एक्स्पोसिता’ असेही लिहीत. मूल मोठे झाले, त्याचे लग्न झाले, त्याला मुले झाली, आणि तो शेरा पुढच्या पिढीचे आडनाव होऊन बसला.

हा शेरा किती बोचत असेल ते कळायला स्पेनची रीत ठाऊक हवी. तिथे प्रत्येकाला दोन आडनावे. पहिले वडिलांचे, दुसरे आईचे. लग्नानंतरही बाई आपली दोन्ही आडनावे तशीच ठेवते. (आधी कोणाचे लावायचे हे २०१७ पासून आईवडिलांनी मिळून ठरवायचे असते.) म्हणजे नाव सांगायचे तर आई आणि बाप दोघांचा पत्ता दिल्याशिवाय गत्यंतर नाही. या मुलांच्या दोन्ही जागा रिकाम्या.

मूल ठेवण्याचीही एक व्यवस्था होती. अनाथगृहाच्या भिंतीत लाकडी, पोकळ पिंपासारखा एक फिरता कप्पा बसवलेला असे. त्याला ‘तोर्नो’ म्हणत. बाहेरून त्यात मूल ठेवायचे, कप्पा फिरवायचा, घंटा वाजवायची आणि अंधारात निघून जायचे. आतल्या बाईला मूल दिसे, ठेवणारा दिसत नसे. कधी दुपट्याला चिठ्ठी टाचलेली असे : नाव अमुक, बाप्तिस्मा झाला आहे किंवा नाही. कधी अर्धी कापलेली फीत असे. दिवस पालटले तर उरलेली अर्धी दाखवून मूल परत न्यायचे, ही त्यामागची आशा. अनाथगृह म्हणतो खरे, पण त्यातल्या कितीतरी मुलांचे आईबाप जिवंत होते. कुणी लोकलाजेने मूल ठेवी, कुणी निव्वळ भुकेपायी.

माद्रिदमध्ये एका धर्मसंघाने १५७२ च्या सुमारास अशी मुले घ्यायला सुरुवात केली. तिथे मेरीमातेचे एक चित्र होते. ते नेदरलँड्समधल्या एंकहाउझेन गावाहून एका सैनिकाने आणले असे सांगतात. स्पॅनिश जिभेला ते गाव काही पेलले नाही; त्याचे ‘इन्क्लुसा’ झाले. पुढे हाच शब्द स्पेनभरच्या अशा सर्व संस्थांना लागला आणि तिथे वाढलेल्याला ‘इन्क्लुसेरो’ म्हणून हिणवू लागले.

सगळीच मुले एक्स्पोसितो झाली असे नाही. कुठे दे ला क्रूस, म्हणजे क्रुसाचा. कुठे सान होसे. कुठे इग्लेसियास, म्हणजे चर्चचा. कॅटलोनियात देउलोफेउ असे आडनाव आहे. त्याचा अर्थ ‘देवाने घडवला’. एकच गोष्ट सांगायची तरी शब्द किती मायेने निवडता येतो पहा! अर्थात इग्लेसियास किंवा दे ला क्रूस लावणाऱ्या प्रत्येकाचा पूर्वज टाकलेला होता असे मुळीच नाही. एक्स्पोसितोमध्ये मात्र अशी पळवाट नव्हती.

आता या गोष्टीतला सगळ्यात जड भाग. या घरांत आलेली बहुतेक मुले जगत नसत. अठराव्या शतकात माद्रिदच्या इन्क्लुसात शंभरातली निम्म्याहून कितीतरी अधिक दगावत. दूध पाजणाऱ्या दाया अपुऱ्या, त्यांचा पगार तुटपुंजा, त्यात साथी. म्हणून मला वाटते, हे आडनाव वाचायची रीतच बदलायला हवी. आपण त्यात टाकून दिल्याची खूण पाहतो. पण आज ज्या घराच्या दारावर एक्स्पोसितो ही पाटी आहे, त्या घराचा एक तरी पूर्वज त्या कप्प्यातून आत गेला आणि तिथून जगून बाहेर आला.

याच मुलांचे जगावर एक मोठे ऋण आहे. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी ला कोरुन्या बंदरातून डॉक्टर फ्रान्सिस्को हाविएर दे बाल्मिस यांची मोहीम देवीची लस घेऊन अमेरिकेकडे निघाली. शीतपेट्या नव्हत्या. लस जिवंत ठेवायची तर ती एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत न्यावी लागे. त्यासाठी जहाजावर बावीस मुले घेतली. ती बहुतेक अनाथगृहांतली, तीन ते नऊ वर्षांची. सांभाळायला ला कोरुन्याच्या अनाथगृहाची प्रमुख इसाबेल सेंदाल होती. त्या मुलांच्या यादीत कित्येकांना आडनावच नाही. नुसते मार्तिन, क्लेमेंते, हासिंतो. माद्रिदमध्ये डिसेंबर २०२० मध्ये कोविड साथीसाठी उघडलेल्या रुग्णालयाला इसाबेलचे नाव दिले गेले. मुलांच्या वाट्याला तेवढे आले नाही.

कायद्यानेही आपल्या परीने या मुलांची बाजू घेतली. पूर्वी अनेक धंद्यांच्या संघांत किंवा विद्यालयांत शिरायचे तर जन्म औरस असल्याचा दाखला लागे. तो या मुलांनी आणायचा कुठून? राजा चौथा कार्लोस याने १७९४ मध्ये फर्मान काढले की, अशा सर्व मुलांना नागरी व्यवहारात औरसच मानावे. कुणी त्यांना अनौरस, व्यभिचारातून जन्मलेला वगैरे म्हणून शिवी दिली, तर त्याला शब्द मागे घ्यायला लावून दंड करावा. आणि गंमत म्हणजे, गुन्हा केलाच तरी चाबकाची किंवा फाशीची शिक्षा त्यांना देऊ नये, उच्च कुळातल्यांना देतात तीच द्यावी. न जाणो, एखादे मूल खरोखर सरदाराघरचे निघाले तर! आपल्याला इथे कर्ण आठवल्यावाचून राहत नाही.

शेजारच्या इटलीत याच शब्दाचे एस्पोझितो झाले आणि नेपल्स भागात ते सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. तिथला अनाथगृहाचा फिरता कप्पा १८७५ मध्ये बंद झाला.

स्पेनमध्ये १८७१ पासून सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली आणि आडनावे कागदावर पक्की झाली. १९५७ च्या नोंदणी कायद्यात तर एक्स्पोसितो हे नाव घेऊनच सवलत दिली : हे किंवा अज्ञात जन्म सुचवणारे दुसरे आडनाव ज्याला नको असेल, त्याने ते बदलून आपल्याच घराण्यातले दुसरे किंवा एखादे प्रचलित आडनाव घ्यावे. अनेकांनी ते सोडले. ज्या घरांत आईकडून आले होते, तिथे दुसऱ्या जागेवरून ते एकदोन पिढ्यांत आपोआपच गळले. तरीही आज ते हजारो लोक लावतात. अंदालुसियातल्या हाएन प्रांतात आणि कॅनरी बेटांवर विशेष. मला तरी याचे नवल वाटत नाही. कायदा करणाऱ्यांना तो डाग वाटला. नातवंडांना ते आजोबांचे नाव होते.

नेटफ्लिक्सवर २०१८ मध्ये आलेल्या ‘एलिते’ मालिकेतली नटी एस्तेर एक्स्पोसितो आपल्याकडच्या तरुण मुलांनाही ठाऊक असेल. त्यांच्यापैकी किती जणांना या शब्दाचा अर्थ माहीत असेल कोण जाणे. आजच्या स्पॅनिश कायद्यानुसार आईबाप अज्ञात असलेल्या मुलाला नोंदणी अधिकारी एखादे साधे, प्रचलित आडनाव देतो. ते मूल गार्सियाही होऊ शकते, आणि त्या चौदा लाखांत ते कुणाला ओळखू येणार नाही.