सप्तपाताळांच्या मोहिमेसाठी चार खेळाडू हवेत

इस्लामपूरकरांनो, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ सालचा खेळ. १९९४ मध्ये त्यात 'प्लेनस्केप' आलं आणि खेळाडू दारांमधून एका लोकातून दुसऱ्या लोकात फिरू लागले. माझ्या मते त्याहून समृद्ध नकाशा आपल्याकडेच आहे: भागवतातले सात अधोलोक! सुतलात बळीराजा, तलातलात मयासुर, महातलात तक्षक, अगदी तळाशी वासुकी. तक्षक आणि वासुकी हे नागच, म्हणून आपली मोहीम सुरू होईल शेजारच्या बत्तीस शिराळ्यात, नागपंचमीच्या रात्री.

दर शनिवारी रात्री ९ वाजता, व्हिडिओ कॉलवर, मराठीतून. पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेल्यांनीही यावं. वीस बाजूंचा फासा नसेल तर मोबाइलवरचा चालेल. नियम मी शिकवेन. पात्र मात्र तुम्ही जीव लावून घडवा. येणार असाल तर खाली लिहा.