कोळशाची बादली कोण उचलणार?

मागच्या व्याख्यानानंतर एकांनी विचारलं, की इंग्लंडमधल्या जमीनदारांची ती प्रचंड घरं, म्हणजे कंट्री हाउसेस, वारसा करानेच बुडवली ना? अर्धं उत्तर हो असं आहे. १८७० नंतर अमेरिकेचं स्वस्त धान्य यायला लागलं, शेतीचा खंड घटला. १८९४ मध्ये मृत्यूनंतर इस्टेटीवर नवा कर बसला. १९५० मध्ये डेव्हनशायरचे दहावे ड्यूक वारले तेव्हा तो ८० टक्के होता. चॅट्सवर्थ राखण्यासाठी हार्डविक हॉल सोडावा लागला.

पण करामुळे घर विकायला का काढलं, एवढंच कळतं. ते कोणी घेईना, शेवटी पाडावं लागलं, ते का? त्यासाठी मागच्या जिन्याकडे बघा.

प्रत्येक खोलीत शेकोटी. घरातले उठायच्या आत मोलकरणीने राख काढायची, जाळी घासायची, विस्तव पेटवायचा. कोळसा वर, राख खाली. आंघोळीचं गरम पाणी डब्यांतून वर न्यायचं आणि वापरलेलं पाणी पुन्हा खाली आणायचं. नळ बसवता आले असते हो! पण नळापेक्षा तेरा-चौदा वर्षांची मुलगी ठेवणं स्वस्त होतं. ती माळ्यावरच्या खोलीत झोपायची, आठवड्याला अर्धा दिवस सुट्टी, आणि तिला भेटायला कुणा तरुणाने यायचं नाही.

पहिल्या महायुद्धात याच मुली दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेल्या. तिथे पाळी संपली की संध्याकाळ आपली! तरी नोकर तेव्हाच संपले, ही मालिकांमधली गोष्ट झाली. युद्धानंतर घरकाम नाकारणाऱ्या कित्येक बायकांचा बेकारी भत्ता बंद केला गेला. १९३१ मध्येही सुमारे १३ लाख स्त्रिया घरकामातच होत्या.

खरा तडाखा दुसऱ्या महायुद्धाचा. डिसेंबर १९४१ पासून अविवाहित तरुणींवर युद्धसेवेची सक्ती आली. नंतर कारखाने, कचेऱ्या, दुकानं यांत कामं मिळत असताना माळ्यावर राहायला कोण परत येणार? आणि माझ्या मते त्यांनी बरोबरच केलं. इकडे लष्कराने वापरून परत केलेली घरं गळत होती. पन्नासच्या दशकात ती भराभर पाडली गेली. छपराचं शिसंसुद्धा विकलं गेलं.

जी वाचली, त्यांत कॉर्नवॉलचं लॅनहायड्रॉक आहे. तिथे आज तिकीट काढून दिवाणखान्याबरोबर स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्याही बघता येतात.