बेघरांचे आरोग्य आणि निवारा : स्वयंसेवी संस्थांच्या दोन प्रारूपांचा परिचय

प्रस्तावना :
बेघर व्यक्तींच्या संदर्भात आरोग्यसेवा आणि निवारा हे दोन स्वतंत्र प्रश्न मानले जातात. प्रत्यक्षात त्यांना वेगळे करता येत नाही. शस्त्रक्रियेची जखम स्वच्छ व कोरडी राखावी लागते, इन्सुलिन थंड जागी ठेवावे लागते, क्षयरोगाची औषधे सर्वसाधारणपणे सहा महिने नियमित घ्यावी लागतात. पदपथावर राहणाऱ्यास यांपैकी काहीही सहजसाध्य नसते. 'रुग्णास घरी सोडले' हा रुग्णालयीन शब्दप्रयोग त्याच्या बाबतीत निरर्थक ठरतो. ही उणीव भरून काढू पाहणाऱ्या दोन अमेरिकन प्रारूपांचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

१) विश्रांती-उपचार केंद्र :
'बोस्टन हेल्थ केअर फॉर द होमलेस प्रोग्रॅम' ही संस्था १९८५ मध्ये सुरू झाली. रुग्णालयात ठेवण्याइतका आजारी नाही, परंतु रस्त्यावर राहण्याइतका बराही नाही, अशा रुग्णांसाठी तिने एका निवाऱ्यात २५ खाटांची सोय केली. त्यातूनच पुढे १९९३ मध्ये 'बार्बरा मॅकिनिस हाउस' उभे राहिले. बेघरांची शुश्रूषा करणाऱ्या एका परिचारिकेचे नाव त्यास दिलेले आहे. येथे औषधोपचार, शुश्रूषा व आहार यांसह विश्रांती मिळते.

२) प्रथम घर :
व्यसनमुक्ती व उपचार आधी, घर नंतर, अशी पूर्वी रूढ पद्धत होती. मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्क येथे 'पाथवेज टू हाउसिंग' स्थापून हा क्रम उलटा केला. मनोरुग्ण बेघरांना कोणतीही पूर्वअट न घालता भाड्याचे स्वतंत्र घर देण्यात आले. उपचार ऐच्छिक ठेवून साहाय्यक पथकाच्या भेटी मात्र चालू राहिल्या.

३) मूल्यमापन :
कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांतील दोन हजारांहून अधिक व्यक्तींवर या पद्धतीचा प्रयोग झाला. नेहमीच्या सेवा घेणाऱ्या गटाच्या तुलनेत 'प्रथम घर' गटातील व्यक्ती कितीतरी अधिक काळ घरात टिकून राहिल्या. मानसिक लक्षणे व व्यसनाधीनता यांतील सुधारणा मात्र दोन्ही गटांत साधारणपणे सारखीच आढळली. म्हणजेच घर हा उपचाराचा पर्याय नव्हे. तो उपचाराचा आधार आहे.

४) भारतीय संदर्भ :
२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लक्ष बेघर व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे २.१ लक्ष महाराष्ट्रातील होत्या. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात एक लक्ष नागरी लोकसंख्येमागे किमान एक कायमस्वरूपी निवारा, असा निकष होता. तथापि, रात्रीचे छप्पर आणि आजारातून उठण्यासाठी हवी असलेली खाट यांत अंतर आहे. केवळ निवाऱ्यांच्या संख्येवरून ते लक्षात येत नाही.

समारोप :
उपरोक्त दोन्ही प्रारूपे आपल्याकडे जशीच्या तशी राबविता येणार नाहीत. भाड्याच्या घरांची टंचाई हाच पहिला अडसर आहे. परंतु सार्वजनिक रुग्णालयालगत काही विश्रांती-खाटा आणि त्या चालविणारी स्थानिक स्वयंसेवी संस्था, एवढी सुरुवात अशक्य नाही. बेघर रुग्णास रुग्णालयातून सोडताना 'कोठे?' हा प्रश्न विचारला जाणे, हे तिचे पहिले पाऊल ठरेल.