जुना संगणक, नवी हार्ड डिस्क

घर जुने झाले म्हणून कोणी ते पाडून टाकीत नाही. पावसाळ्यापूर्वी कौले चाळावी, किडका वासा बदलावा, म्हणजे तेच घर आणखी कित्येक वर्षे निवारा देते. संगणकाचेही असेच आहे. रत्नागिरीतील एखाद्या घरी आंब्याच्या बागेचा हिशेब, आजोबांची छायाचित्रे आणि मुलांचे निबंध एकाच जुन्या संगणकात साठविलेले असतात. तो मंद चालू लागला की टाकून द्यावासा वाटतो. परंतु पुष्कळदा दोष त्याच्या एकाच भागात असतो. तो भाग म्हणजे हार्ड डिस्क.

हार्ड डिस्क हे संगणकाचे कपाट होय. वीज बंद झाली तरी त्यात ठेवलेली माहिती नाहीशी होत नाही. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९५६ साली अशी पहिली यंत्रणा बाजारात आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या अवजड यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरेच मावत. आज एका छायाचित्रालाही जवळजवळ तेवढी जागा लागते!

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या फिरत असतात. मेजावरील संगणकात त्या बहुधा मिनिटाला ७२००, म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेतात. माहिती वाचणारे टोक तबकडीला न शिकता, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावरून तरंगते. म्हणूनच धक्का बसला तर तबकडीवर ओरखडा उठतो. आतून टकटक असा आवाज येऊ लागला, तर ती निकामी होण्याच्या बेतात आहे असे समजावे.

एसएसडी हा या कपाटाचा नवा प्रकार. तिच्यात फिरणारा भागच नसतो. माहिती विद्युत्भाराच्या रूपाने चिपांमध्ये राहते. त्यामुळे हवी ती माहिती तत्काळ सापडते आणि जुना संगणकही चपळ होतो. मात्र तेवढ्याच किमतीत हार्ड डिस्कमध्ये अधिक माहिती मावते. शिवाय एसएसडी वर्षानुवर्षे विजेवाचून पडून राहिली, तर तिच्यातील विद्युत्भार ओसरू शकतो.

निवड करताना प्रथम जोडणी पाहावी. संगणक बंद करून, विजेची तार काढून, मोठ्या माणसांच्या देखत पेटी उघडावी. आतील पट्टी रुंद असून तिच्या टोकाला ४० छिद्रे असतील, तर ती जुनी आयडीई जोडणी होय. पट्टी अरुंद असेल, तर ती २००३ च्या सुमारास प्रचारात आलेली साटा जोडणी. नवी साटा डिस्क जुन्या साटा जोडणीवरही चालते. फक्त वेग जुन्याच्या मर्यादेत राहतो.

दुसरी गोष्ट आकाराची. मेजावरील संगणकात साडेतीन इंची, तर लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्क बसते. लॅपटॉपसाठी जाडीही मोजावी. ७ मिलिमीटरच्या जागेत ९.५ मिलिमीटरची डिस्क मावत नाही.

तिसरी गोष्ट क्षमतेची. मोठी ती चांगली, असे नेहमीच नसते. जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर सुमारे २ टेराबाइटपलीकडची जागा वापरताच येत नाही. मग अधिक पैसे कशाला मोजावे?

परंतु सर्वांत महत्त्वाचे काम डिस्क बदलण्यापूर्वीचे आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण बुडाले, तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातील ग्रंथही पाण्यात सापडले. ज्या ग्रंथाची प्रत अन्यत्र असते, तो पुन्हा मिळविता येतो. जिची दुसरी प्रत नाही, ती वस्तू कायमची जाते. आजोबांच्या छायाचित्राचेही तसेच. म्हणून जुनी डिस्क चालू आहे तोवरच तिच्यातील माहितीच्या दोन प्रती कराव्या आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवावी.

नवी डिस्क बाजारात केव्हाही मिळते. तिच्यात ठेवायची माहिती मात्र आपणच सांभाळावी लागते.