सुट्टी लागली आणि घंटा हरवली!

अंधारात जिना उतरताना, आणखी एक पायरी असेल असे समजून तुम्ही कधी पाऊल टाकले आहे का? पाय धपकन जमिनीवर आदळतो आणि छातीत धस्स होते. असे का बरे होते? आपला मेंदू पुढे काय घडणार याचा अंदाज सतत बांधत असतो. तो चुकला की धक्का बसतो.

आता समजा, तुमच्या शेजारी आठ वर्षांचा एक स्वमग्न मुलगा राहतो. सातला रिक्षा, मग शाळेची घंटा, हा त्याचा नेम. मे महिन्याची सुट्टी लागते. तरीही तो दप्तर घेऊन दाराशी उभा राहतो. रिक्षा येत नाही, तसा तो आकांत मांडतो. लोक म्हणतात, "काय हट्टी पोर आहे!"

पण हा हट्ट नव्हे. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांचे वर्णन केले. सारे जसेच्या तसे राहावे, ही त्यांची ओढ कॅनर यांनी तेव्हाच टिपली होती. स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे. मेंदूची वाढच निराळ्या रीतीने झालेली असते. त्यामुळे अचानक झालेला बदल अशा अनेक मुलांना फार भीतिदायक वाटतो. जणू प्रत्येक पायरी अंधारातली!

मग उजेड कसा करायचा? दिवस चित्रांतून दाखवायचा. बोललेले शब्द विरून जातात, चित्र समोर राहते. दात घासणे, न्याहारी, खेळ, जेवण अशी चित्रे ओळीने लावा. एक काम झाले की त्याचे चित्र काढून ठेवायचे. उठण्याजेवण्याच्या वेळा शक्यतो पूर्वीच्याच ठेवाव्यात. दिनदर्शिकेवर सुट्टीचा रोज एक दिवस खोडावा, म्हणजे शाळा कधी उघडणार हे त्याला दिसते. मामाच्या गावी जायचे असेल, तर घराचे छायाचित्र आधीच दाखवावे. 'बदल' असे एक निराळे चित्रही करावे आणि प्रथम ते आवडत्या बदलासाठी वापरावे. शाळा उघडण्यापूर्वी आठवडाभर पुन्हा शाळेची वेळ पाळावी.

प्रत्येक मूल वेगळे असते. म्हणून त्याला काय रुचते, हे आधी त्याच्या आईवडिलांना विचारा. तो रडू लागला तर गर्दी करू नका, रागावू नका. त्याला शांत जागा द्या.

चित्रे काढायला तर तुम्हाला येतातच. या सुट्टीत शेजारच्या मित्रासाठी एक तक्ता कराल ना?